पाठ केलेला चेहरा

डॉक्टर सबनीसांनी माझ्यापुढे काहीतरी धरलं आणि म्हणाले, "हे काय आहे, सांग बघू."

"हातात द्या, सांगते," मी म्हणाले.

"हातात नाही द्यायचं. डोळ्यांनी बघून सांग."

मी बघितलं. काहीतरी उजळ होतं, एका अंगाला चकाकत होतं आणि दुसऱ्या अंगाला काळपट होत गेलं होतं. ते फुगीर आहे की चपटं, जवळ आहे की लांब, खायचं आहे की बसायचं, काही म्हणजे काही कळेना. शेवटी मी हात पुढे केला आणि डॉक्टरांनी मागे घ्यायच्या आत ते पकडलं. तांब्या! गार, पोटाला फुगीर, गळ्याशी आवळलेला, काठाला बारीक पोचा आलेला. तसले तांबे मी जन्मभर घासले होते.

"इश्श, तांब्या होय! मग तसं म्हणायचं की आधी."

डॉक्टर हसले. शेजारी बसलेली आई हसली नाही. तिच्या बांगड्या वाजल्या, त्यावरून ती पुढे वाकली हे मला समजलं.

"डॉक्टर, पोरीला दिसतंय न्हवं?"

"दिसतंय की, काकू. शस्त्रक्रिया उत्तम झाली आहे. पण दिसतंय ते काय आहे, हे तिला शिकावं लागेल. तान्हं मूल शिकतं तसं."

"किती दिवस लागतील?"

"ते मलाही ठाऊक नाही. एवढ्या उशिरा दृष्टी आलेलं माणूस मीही पहिल्यांदाच बघतोय," डॉक्टर म्हणाले. 'ठाऊक नाही' असं सरळ सांगणारा मोठा माणूस मला तोवर भेटला नव्हता. मला ते एकदम आवडून गेले.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळायचं नाही. आमचं गाव इचलकरंजीजवळ, मागांचं. बाबा आणि दादा मागावर कामाला, आणि मी घरी चरख्यावर कांड्या भरायचे, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायचे. त्याला डोळे लागतात कशाला? सूत बोटांतून पळायचं आणि तुटलं की बोटालाच आधी कळायचं. मग गावात एका ट्रस्टचं नेत्रशिबिर भरलं. डॉक्टरांनी मला तपासलं, तालुक्याला नेऊन शस्त्रक्रिया केली आणि जाडजूड भिंगांचा चष्मा नाकावर चढवला. घरी आले तेव्हा गल्लीनं मला ओवाळून घेतलं. 'आमच्या गोदीला दिसायला लागलं' म्हणत पेढे वाटले.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी खरी आंधळी झाले. आधी घरभर बिनधास्त फिरायचे, कुठं धक्का लागायचा नाही. आता दारातून ऊन आत येऊन जमिनीवर पडलं की मी त्याला वळसा घालून जायची, कारण तिथं काहीतरी ठेवलंय असं वाटायचं. तुळशीच्या कट्ट्याची सावली म्हणजे खड्डा समजून मी एकदा उडी मारली आणि पालथी पडले. शेजारच्या कासारकाकींनी दारात रांगोळी काढली होती. एवढ्या सुंदर रेघा, म्हणजे भिंतीवरच्या नक्षीसारख्या वर आलेल्या असणार, म्हणून मी दोन्ही हातांनी चाचपून बघायला गेले आणि निम्मी रांगोळी पुसून टाकली. दादाची एकच सायकल, पण मला त्या दोन वाटायच्या. एक बाजूनं दिसणारी, दोन चाकांची, आणि एक समोरून येणारी, उभ्या काठीसारखी. दोन्ही एकच आहेत हे मी सीटवर हात ठेवून चहूबाजूंनी फिरले तेव्हा पटलं.

"अगं, दिसतंय न्हवं आता तुला?" जो येई तो विचारी.

घाई असली की मी गुपचूप डोळे मिटून चालायची. ते तारावहिनीच्या लक्षात आलं. तारावहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. तोंडानं फटकळ, पण माझ्यावर भारी जीव.

"डोळं उघड, मेले," ती ओरडायची. "शिंक्यावर टांगून ठेवायला दिल्यात व्हय तुला?"

पण खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. रोज सकाळी उठायचं आणि आज काय नवीन दिसतंय बघायचं. पाणी ओतताना दिसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं पाणी फक्त वाजतं.

सगळ्यांत अवघड होती ती माणसांची तोंडं. तांब्या निदान गप्प बसतो. तोंड सारखं हलतं. बोलताना वेगळं, हसताना वेगळं, खाताना तर बघवत नाही असं. आवाज आला की मला माणूस कळायचं. आवाज थांबला की समोर नुसता एक तांबूस डाग उरायचा, वर काळं आणि खाली साडी. आईचाही तसाच एक डाग. याचं तिला वाईट वाटत असणार.

अशात एक दिवस ट्रस्टचे अध्यक्ष तात्यासाहेब डॉक्टरांना घेऊन आमच्या घरी आले. त्यांचा आवाज भाषणाचाच होता, घरातही तसाच निघायचा.

"आपला वर्धापनदिन येतोय," ते म्हणाले. "मंचावर पाच बायका बसवायच्या. त्यांत या मुलीची आई. आवाज नाही, स्पर्श नाही. जन्मांध मुलगी नुसतं बघून आपल्या जन्मदात्रीला ओळखणार! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल, डॉक्टर."

"एवढ्यात नको," डॉक्टर म्हणाले. "चेहरा ओळखणं फार अवघड असतं. तिला अजून वाटी आणि तांब्या सांगताना अडखळायला होतंय."

"अहो, आई आहे ती! आईला ओळखायला काय शिकावं लागतं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून भागाआत्या बोलली. ही बाबांची थोरली बहीण. आमच्या घरात काही चांगलं चाललं की हिला आमच्याकडच्या चहाची आठवण व्हायची.

"डॉक्टर नको म्हणत्यात तेच बरं. ओळखलं न्हाई तर गावात हसं व्हायचं. पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसली आणि पोरीचं डोळं घालवून बसली. आता त्या डोळ्यांनी पोरीनं आईला ओळखायचं म्हणजे काय!"

"ग्रहणाचा आणि मोतीबिंदूचा काही संबंध नसतो, बाई," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही शिकलेली माणसं. आम्हाला आपलं डोळ्यांनी दिसतंय ते दिसतंय."

ही ग्रहणाची गोष्ट मी जन्मल्यापासून ऐकत आले होते. लग्नाच्या पंगतीत, पाणवठ्यावर, कुणाच्या बारशाला. आई त्यावर कधी हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. एकोणीस वर्षं तिनं मान खाली घालून ते ऐकून घेतलं होतं. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघराच्या दारातून तिचा आवाज आला.

"ठेवा कार्यक्रम, तात्यासाहेब. माझी पोरगी मला ओळखंल."

ती एवढ्या ठामपणे बोलली होती आणि तिचं तोंड मला तांब्याइतकंही ठाऊक नव्हतं. मी चुकले तर ग्रहणाच्या गोष्टीला नवं शेपूट फुटणार होतं: पोटच्या पोरीनंसुद्धा ओळखलं नाही हो!

जाताना डॉक्टर माझ्याजवळ थांबले. "तुझ्या हातांना सगळं ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले. "आधी हाताला विचार, मग डोळ्याला सांग. आणि रोज कर."

दुसऱ्याच दिवशी दुपारची भांडी आवरल्यावर वहिनीनं शाळा मांडली. मागच्या दाराशी उजेड चांगला होता. तिथं पाट टाकून तिनं आईला बसवलं आणि मला समोरच्या भिंतीशी.

"सांग, काय दिसतंय?"

"वर काळं. खाली तांबूस. मध्ये एक लाल ठिपका."

"ते कुंकू. आणखी?"

"खालच्या अंगाला काहीतरी हलतंय."

"मी बोलालीय म्हणून हलतंय ते," आई म्हणाली. मग तिचा आवाज अवघडला. "अशी टक लावून काय बघालीस गं? मला लाज वाटती."

"आई, लाजताय काय!" वहिनी म्हणाली. "लेक बघालीय, नवरा न्हाई."

आम्ही तिघी हसलो. पण आईला खरंच लाज वाटत होती. तिनं हात मांडीवर ठेवले, डोळे मिटून घेतले आणि पूजेला बसल्यासारखी बसून राहिली. मी उठले, तिच्या तोंडावरून हात फिरवला. रुंद कपाळ, गालांची वर आलेली हाडं, नाकाचा शेंडा जरासा चपटा, हनुवटीखाली एक मऊ वळी. हे सगळं मला पाठ होतं. मग मागे सरून, हात जिथून फिरला तिथून डोळे फिरवायचे. कपाळ म्हणजे हा उजेडाचा तुकडा. गालाचं हाड म्हणजे ही उजळ रेघ आणि तिच्याखालचं काळपट. नाक तर सापडतच नव्हतं. नाक हाताला एवढं वर आलेलं लागतं आणि डोळ्याला नुसती एक सावली! मला त्याचं फार नवल वाटलं. मी पुनःपुन्हा हात लावून बघितला.

मग वहिनीनं खेळ काढला. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. पाटावर कधी आईला बसवायचं, कधी कासारकाकींना. मी वळून बघायचं आणि सांगायचं, 'आई' किंवा 'न्हाई'. बरोबर आलं की वहिनी 'हां' म्हणायची. चुकलं की पोळपाटावर लाटणं आपटायची. पहिले काही दिवस ते लाटणं इतकं वाजलं की गल्लीतल्या बायका विचारायला आल्या, "आज काय सणबिण हाय का तुमच्यात?" आमच्याकडे रोज हातावरची भाकरी. लाटणं निघालं म्हणजे पुरणपोळी, असा हिशेब.

हळूहळू लाटणं कमी वाजायला लागलं. कसं, ते मला सांगता येत नव्हतं. 'आई' असा शब्द आधी तोंडातून जायचा आणि मग मी विचार करायची की आपण असं का म्हणालो.

"कशावरनं ओळखालीस?" वहिनी विचारायची.

"मला काय ठाऊक?"

वहिनीला संशय आला. ती पोलिसात असती तर गाव सुधारलं असतं. तिनं एका दुपारी कासारकाकींच्या कपाळावर आईसारखंच लांबट, मोठं कुंकू रेखलं. मी वळले, बघितलं आणि छातीठोकपणे म्हणाले, "आई!"

लाटणं वाजलं नाही. आई भिंतीपाशी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू आला. इतके दिवस मी तिचा चेहरा शिकतच नव्हते, तर तिचं कुंकू शिकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी आपली पिवळी साडी नेसवते आईंना कार्यक्रमाला," वहिनी थोड्या वेळानं म्हणाली. "पिवळा रंग तुला चांगला कळतोय. पिवळी दिसली की हात कर. कुणाच्या बापाला कळतंय?"

"साडी ओळखायची असंल तर साडीलाच बसवा की खुर्चीवर," आई म्हणाली. "मी कशाला येऊ?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. सवाष्णींची कुंकवं पुसायची कशी? म्हणून वहिनीनं सगळ्यांना एकाच मापाचं लावलं. गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी आल्या. त्यांनाही घरकामातून सुटका आणि फुकटचा तमाशा. डॉक्टर मध्ये एकदा येऊन गेले आणि म्हणाले, जागा बदला, उजेड बदला. मग आम्ही कधी अंगणात बसलो, कधी शाळेच्या ओसरीवर. बायकांनी एकमेकींच्या साड्या नेसून बघितल्या. आई वहिनी नेईल तिथं जायची, बसायची, हात मांडीवर ठेवायची, डोळे मिटायची, आणि तिचं बघून बाकीच्याही तशाच बसायच्या.

आणि एका सकाळी, अंगणात, ते झालं. मी वळले तेव्हा समोर कपाळ, गाल, सावली असले तुकडे नव्हते. समोर एक माणूस होतं. सगळं एकदम जागच्या जागी. खालचा ओठ डावीकडे जरासा उतरलेला, गालाखाली थकल्यासारखी खोलगट जागा. ही माझी आई! असं तोंड असतं होय माझ्या आईचं! मी मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. वहिनीला वाटलं, मला काही चावलं.

"कशी हाय दिसायला?" ती नंतर मस्करीनं म्हणाली. "देखणी हाय का न्हाई तुझी आई?"

"कसं सांगू? मला एकच तर चेहरा पाठ हाय."

त्या दिवसापासून लाटणं कपाटात गेलं. पाच काय, सात बायका बसवल्या तरी मी चुकायची नाही.

कार्यक्रम तालुक्याला, तिथल्या शाळेच्या मैदानावर होता. मांडव, कर्णे, आमचा सगळा गाव आलेला. मंचाच्या पायऱ्या मला नुसत्या पट्ट्यांसारख्या दिसत होत्या, वहिनीनं दंडाला धरून चढवलं. ट्रस्टनं पाचही बायकांना एकसारख्या हिरव्या साड्या दिल्या होत्या आणि एकसारखी कुंकवं लावली होती. तात्यासाहेबांनी स्वतःच्याही नकळत वहिनीचाच धडा गिरवला होता. मंचावर चुन्याच्या फक्कीची रेघ मारलेली, तिच्या अलीकडे मी उभी राहायचं.

"कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही," तात्यासाहेब कर्ण्यातून म्हणाले. "आता मुली, बघ!"

मी बघितलं.

पाच चेहरे होते. अगदी स्वच्छ, पाच चेहरे, एकमेकांपासून वेगळे. पण त्यांत आई नव्हती. प्रत्येक चेहऱ्यावर दोन ओली, चकाकणारी, हलणारी काहीतरी होती. मी कुठंही बघायला गेले की नजर तिथंच जाऊन अडकायची आणि बाकीचा चेहरा हातातून निसटायचा. मी पहिलीपासून सुरू केलं. नाही. दुसरी, नाही. तिसरी, नाही. चौथी, नाही. पाचवीही नाही. पुन्हा उलटी आले. अंगणात सकाळी एका क्षणात जुळून येणारं ते तोंड गेलं कुठं? आईला बसवायचं विसरले की काय हे लोक?

मांडवात कुजबुज सुरू झाली. पुढच्याच रांगेत भागाआत्या होती. तिचा आवाज मी कुठंही ओळखला असता.

"म्हटलं न्हवतं मी?"

वाटलं, डोळे मिटावेत आणि सरळ चालत जावं. वासावरून, श्वासावरून मी तिला क्षणात शोधली असती. पण मध्ये फक्की होती. मी पुन्हा एकदा पहिलीपासून निघाले. पहिली. दुसरी. तिसरीवर जरा थांबले, काही लागलं नाही, पुढं गेले. आणि चौथीकडे जाता जाता मागे काहीतरी बदललं. तिसरीच्या चेहऱ्यावरची ती दोन ओली, हलणारी एकदम नाहीशी झाली.

मी वळले. रुंद कपाळ. गालाचं हाड. खालचा ओठ डावीकडे उतरलेला. सगळं जागच्या जागी.

"आई!" मी ओरडले आणि फक्की ओलांडून पळत सुटले. मध्ये कुणाची तरी खुर्ची पाडली.

त्यानंतर जो गलका झाला त्यात मला काही ऐकू आलं नाही. आई मला घट्ट धरून होती आणि तिचं सबंध अंग हलत होतं. तात्यासाहेब कर्ण्यातून ओरडत होते, "रक्ताची ओढ! बंधुभगिनींनो, याला म्हणतात रक्ताची ओढ!" मग माईक माझ्यासमोर आला.

"सांग मुली, कसं ओळखलंस आईला?"

"रोज दुपारी भांडी झाल्यावर वहिनीनं—" मी सुरुवात केली.

"भावनेनं तिला शब्द सुचत नाहीत," तात्यासाहेब म्हणाले आणि माईक काढून घेतला.

मंचाच्या मागे भागाआत्या आम्हाला गाठायला आली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "नाव काढलंस गं पोरी. शेवटी रक्त कुणाचं? आमच्याच घराण्याचं." डोळे गेले ते आईमुळं आणि ओळख पटली ती यांच्या रक्तामुळं! वहिनीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आईनं तिचा हात दाबला. त्या दिवशी पहिल्यांदाच आत्या ग्रहण हा शब्द न उच्चारता घरी गेली. पुढेही तिच्या तोंडून तो शब्द आम्ही ऐकला नाही.

डॉक्टर मात्र माझ्याजवळ येऊन बसले. "मला खरं सांग. कशावरून ओळखलंस?"

"आधी ओळखू आलीच न्हाई. मग तिनं डोळे मिटले आणि आली."

वहिनीनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! घरी सारख्या डोळं मिटूनच बसायच्या की हो या!"

"म्हणजे तू आईचा एकच चेहरा शिकलीस, मिटलेल्या डोळ्यांचा," डॉक्टर म्हणाले. "उघड्या डोळ्यांची आई तुला परकी बाईच होती. कमाल आहे! जागा बदलली, उजेड बदलला, साड्या बदलल्या, आणि हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही." ते हसत होते, पण आवाजात पुन्हा तेच, तांब्या दाखवताना होतं ते कुतूहल होतं.

परत येताना ट्रस्टच्या जीपमध्ये वहिनी पुढे बसली आणि मागे आई आणि मी. ऊन उतरत होतं, कडेची झाडं माझ्या अंगावर धावून येतायत असं वाटून मी आईला चिकटून बसले होते.

"आई, तू मुद्दाम मिटलेस डोळे?"

"न्हाई गं. मला काय ठाऊक तुझं ते? तू माझ्यावर येऊन थांबलीस आणि पुढं गेलीस. मला वाटलं, संपलं. बघवंना, म्हणून मिटले."

जीप खड्ड्यातून गेली. माझ्या मनात मघापासून जे टोचत होतं ते बाहेर आलं.

"ते रक्ताचं म्हणत होते ना, ते खोटं हाय. रक्तानं काही झालं न्हाई. मी तुझ्याकडं बघून सरळ पुढं गेले होते. परकी म्हणून सोडून दिलं तुला." मला रडू फुटलं. "आई असून मला तू घोकून घोकून पाठ करावी लागलीस. पाढ्यासारखी."

मला वाटलं, दुखावली. तिनं माझ्या नाकावरचा चष्मा काढला, नव्या हिरव्या साडीच्या पदरानं भिंगं पुसली आणि पुन्हा माझ्या कानांवर नीट बसवला.

"रडतीस कशाला? रक्त काय, आयतं मिळतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी लग्नाआधी मला बघितलं न्हाई, आणि मग बघायला त्यांना सवड कुठली? सासरी आल्यापासनं सगळ्यांनी माझी चूक तेवढी बघितली. मला शिकायचं म्हणून माझ्या म्होरं आजवर कुणी बसलंच न्हवतं गं."